सतरा नंबरचा सुभेदार

माझा मेहुणा ताहिर मनाने वाईट नाही, असं माझी बायको महमुदा गेली चौदा वर्षं मला सांगते आहे. मी कधी नाही म्हटलं? मनाने वाईट माणसांचा मला काही त्रासच नाही. ती ओळखू येतात, त्यांच्यापासून चार हात लांब राहता येतं. मनाने चांगला माणूस मात्र सरळ घरात शिरतो, चप्पल काढतो, "दुलाभाई, तुमचं ते काम मी करून टाकलं," म्हणतो, आणि आपण उरलेलं आयुष्य त्याचे आभार मानत बसायचं.

हा ताहिर इथे बहरीनमध्येच, सलमाबादला एका कामगार पुरवणाऱ्या कंपनीत कागदपत्रं सांभाळतो. चारशे माणसांचे व्हिसा, कार्डं, मेडिकलचे रिपोर्ट, सगळं त्याच्या हाताखालून जातं. त्याच्या टेबलावर लॅमिनेशनचं एक मशीन आहे आणि त्या मशीनवर त्याचा पोटच्या पोरासारखा जीव आहे. परदेशात माणसाची किंमत कागदाने ठरते आणि कागदाची प्लॅस्टिकने, असं त्याचं तत्त्वज्ञान. आमचा निकाहनामा त्याने लॅमिनेट केला. झोयाचा, म्हणजे आमच्या मुलीचा, जन्मदाखला लॅमिनेट केला. नंतर तो दाखला घेऊन एका खिडकीवर गेलो तेव्हा आतल्या माणसाने "आता शिक्का कुठे मारू, माझ्या कपाळावर?" असं विचारलं. ताहिरला हे सांगितलं तर तो म्हणाला, "पण भिजणार नाही ना आता?"

मी अस्करला एका कॉन्ट्रॅक्टरकडे स्टोअरकीपर आहे. दिवसभर नट, बोल्ट, हातमोजे आणि सेफ्टी शूज. माणसाचं डोकं फिरायला एवढं पुरतं. म्हणून मी जुनी पुस्तकं जमवतो. तीही फौजेची, चित्रांची, व्हिक्टोरिया राणीच्या काळातली. नोकरी संपवून मायदेशी निघालेले गोरे घरातलं सामान अंगणात मांडून विकतात, तेव्हा बाकीची मंडळी फ्रीजकडे धावतात आणि मी पुस्तकांच्या खोक्यात हात घालतो. त्या काळी ही चित्रं दगडावरून छापत. लाल रंगाचा दगड वेगळा, निळ्याचा वेगळा, सोनेरीचा वेगळा. आठ-दहा दगड एकावर एक अचूक बसले तर शिपाई उभा राहायचा, आणि एखादा केसभर सरकला तर बिचाऱ्याची मिशी लाल व्हायची. प्रत्येक चित्रावर पातळ कागदाचा पडदा असतो. तो दोन बोटांनी उचलताना मला जे वाटतं ते मी महमुदाला कधी सांगितलेलं नाही. तिच्या लेखी हा झुरळांना आमंत्रण देण्याचा छंद आहे.

आता ह्या छंदामागचं खरं कारण. अब्बांचे आजोबा मुंबई फौजेत सुभेदार होते. पुण्याच्या छावणीत एका गोऱ्या कप्तानाने त्यांना तीन दिवस उन्हात उभं करून त्यांचं चित्र काढलं आणि विलायतेत पुस्तकात छापलं, अशी आमच्या घरची गोष्ट आहे. खूण अशी, की सुभेदारांच्या डाव्या हाताची करंगळी अर्धी होती, लढाईत गेलेली, आणि कप्तानाने ती अर्धीच काढली. "आजोबांनी सांगितला, बोट पुरा कर. तो म्हणाला, जसा हाय तसाच काढीन," हे वाक्य अब्बांनी दापोलीच्या आसपास ज्याला ज्याला कान आहेत त्या प्रत्येकाला ऐकवलं आहे. विश्वास कोणी ठेवला नाही. आमचा शेजारी रावजी चाळीस वर्षं अब्बांना "काय सुभेदार, आलं का पुस्तक?" असं विचारत आला. गाव तोंडावर अब्बांना सुभेदार म्हणायचं आणि पाठ वळली की हसायचं. मलाही शाळेत 'अर्धी करंगळी' म्हणत. ते मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही.

चौऱ्याण्णव साली अब्बा ब्याऐंशी वर्षांचे होते. काचबिंदूने एक डोळा गेला होता आणि दुसरा निघाला होता. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, ह्या डोळ्याने जे बघायचं ते बघून घ्या. मेमध्ये माझी सुट्टी होती, दोन वर्षांतून एकदा मिळणारी. आणि त्याच जानेवारीत इंग्लंडमधल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानदाराच्या यादीत मला ते सापडलं. मुंबई फौजेच्या पलटणी, चोवीस रंगीत चित्रं, सतरावं चित्र 'एक देशी अंमलदार, पायदळ', चित्रकार फौजेतलाच एक कप्तान. मी यादी हातात घेऊन संडासातून तसाच बाहेर आलो. झोयाने विचारलं, "डॅडी, आर यू क्राइंग?" मी म्हटलं, साबण गेला डोळ्यात. तिथे साबण नव्हता, पण तिने ते ताणलं नाही.

आमच्या माहूजच्या इमारतीत खालच्या मजल्यावर लेस्ली राहतो. मूळचा वसईचा, आमच्याच ऑफिसात ॲडमिनला. त्याने सल्ला दिला, "पोस्टाने मागवू नको रे. कोणी येणारा-जाणारा बघ, त्याच्या बॅगेत टाक." मी ऐकलं नाही. माझं म्हणणं, माझ्या खापरपणजोबांनी बॅगेतून चोरून का यावं? राजरोस यावं. नात्यात मी एक पिढी जास्त धरत होतो हे नंतर लक्षात आलं, पण अभिमानाच्या भरात पिढ्या कोण मोजतो.

ते राजरोस आले आणि राजरोस अडकले. पार्सल घेऊन जाण्याऐवजी पार्सलबद्दल बोलायला या, अशी पोस्टातल्या कस्टमची चिठ्ठी आली. गेलो. काउंटरवरच्या तरुणाने पुस्तक उघडून ठेवलं होतं. समोर तोफखान्याचं पान. कुवेतची लढाई होऊन तीनच वर्षं झाली होती. तोफा, संगिनी, तळाचा नकाशा. तो म्हणाला, "सदीक," म्हणजे दोस्ता, "व्हाय यू नीड आर्मी?"

मी म्हटलं, बुक. ओल्ड बुक. तो म्हणाला, बुक माहीत आहे, आर्मी कशाला? शेवटी ठरलं की मी ज्या कंपनीच्या व्हिसावर आहे तिचं पत्र आणायचं. बहरीनमध्ये आपण श्वास घेतो तोसुद्धा स्पॉन्सरच्या वतीने घेतो, तेव्हा ह्यात अन्याय काही नव्हता.

पत्र लेस्लीने टाइप केलं. "टेन्शन घेऊ नको, फॉरमॅट आहे आपल्याकडे," म्हणाला. फॉरमॅट होता, पण पंपांच्या स्पेअर पार्ट्सचा. लेस्लीने पंपाचं नाव खोडून तिथे वस्तूचं नाव घातलं आणि बाकी मजकूर तसाच ठेवला. मीही मूर्खासारखा सही-शिक्का बघून खूश झालो आणि पत्र न वाचता नेऊन दिलं. त्यात लिहिलं होतं: 'आमच्या अस्कर येथील साइटवर तातडीने वापरण्यासाठी मागवलेलं ब्रिटिश लष्करी साहित्य, नग एक, कृपया सोडावं. सदर साहित्य न मिळाल्यास काम बंद पडेल.'

तरुणाने ते वाचलं. उठला, आतल्या खोलीत गेला. मग आतून मला बोलावणं आलं. पुढचे अकरा दिवस मी तीन कार्यालयांत, पाच बाकांवर बसलो. किरकोळ रजा संपली, मग हाफ डे संपले. ऑफिसातला साहेब विचारायला लागला की मी नक्की कोणत्या धंद्यात आहे. महमुदाने तिच्या सगळ्या भावंडांना फोन केले. ताहिर धावत आला आणि म्हणाला, "दुलाभाई, तुमच्या पासपोर्टची लॅमिनेटेड कॉपी आहे माझ्याकडे, लागली तर सांगा."

शेवटच्या कार्यालयात एक वयस्कर अधिकारी होते. सभ्य माणूस. त्यांनी चहा मागवला, पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत हळूहळू पाहिलं, पातळ कागदाचे पडदे अगदी जपून उचलले. घोड्यांपाशी थांबले. एका कर्नलसाहेबाच्या घोड्याखाली घोड्याचं नाव छापलेलं होतं. त्यांनी ते वाचून दाखवलं. मग मी सतरावं पान काढून दिलं. मीही ते पहिल्यांदाच बघत होतो, त्यांच्या टेबलावर, उलट्या बाजूने. त्या चित्राखाली नाव नव्हतं. 'एक देशी अंमलदार', बस्स.

"युवर फादर्स ग्रँडफादर?" त्यांनी विचारलं. "इंग्लिश?"

"नो. इंडियन. इन इंग्लिश आर्मी."

"व्हाय?"

आमच्या घराण्यात हा प्रश्न चार पिढ्यांत कोणी विचारला नव्हता. करंगळीवर एवढी भांडणं झाली, पण सुभेदार गोऱ्यांसाठी लढायला गेलेच का, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. मी म्हटलं, "सर, जॉब." ते हसले नाहीत. माझ्या कार्डावर स्टोअरकीपर लिहिलेलं होतं, ते त्यांनी वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि पत्रावर सही केली. "खलास," म्हणाले, "टेक युवर सोल्जर."

शुक्रवारी नमाजहून आल्यावर मी जेवणाच्या टेबलावर स्वच्छ चादर घातली, हात साबणाने धुतले आणि सतरावं पान उघडलं. लाल कोट. निळा फेटा. पांढरी दाढी मधोमध दुभंगलेली. उजवा हात तलवारीवर, आणि डावा हात लांब करून तंबूच्या खांबावर टेकवलेला, पार चित्राच्या कडेला. मी भिंग धरलं. चार बोटं नीट. पाचवं, मधल्या पेरापाशी संपलेलं. कप्तानाने टोकाला एक बारीक गुलाबी रेघ ओढली होती, जखम भरल्याची. मी महमुदाला हाक मारली. तिने भिंगातून पाहिलं, आणि लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या पुस्तकाला नावं ठेवली नाहीत. फक्त डोक्यावरचा पदर सारखा केला, समोर सासऱ्यांचे आजोबा आहेत म्हणून. झोया म्हणाली, "डॅडी, ही लुक्स लाइक यू व्हेन द एसी स्टॉप्स." मी तिला जवळ घेतलं. खरं सांगतो, त्या दिवशी मी ताहिरलाही जवळ घेतलं असतं.

इथेच थांबलो असतो तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

मी विमानाचं तिकीट काढलं. अब्बांना फोनवर सांगितलं, पुस्तक घेऊन येतो, बोट अर्धं आहे. त्यांनी ते माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. मग ते म्हणाले, "रावजीला आताच सांगू नको. त्याला दाखवायचा हाय." म्हणजे आता पुस्तक धडपणे पोचवणं आलं. कोकणातली दमट हवा, विमानातली आपटाआपट, एसटीच्या टपावरचा प्रवास. ताहिरच्या कंपनीत मजबूत खोकी आणि पट्ट्या मारायचं यंत्र होतं. मी निघण्याच्या तीन दिवस आधी पुस्तक त्याच्या हातात दिलं. स्पष्ट सांगितलं: ताहिर, हे खोक्यात घालायचं, चारी बाजूंनी फोम लावायचा, पट्टी मारायची. दुसरं काही नाही. महमुदा साक्षीला होती. आज विचाराल तर ती म्हणते, मी पोळ्या लाटत होते, माझं लक्ष नव्हतं.

निघण्याच्या आदल्या दिवशी दुपारी ताहिर आला. चप्पल काढली. चेहरा उजळलेला. हातात एक फाइल होती, चपटी.

"खोकं कुठाय?" मी विचारलं.

"खोक्याची गरजच नाही, दुलाभाई. बघा तर!"

त्याने फाइल उघडली. चोवीस चित्रं, चोवीस प्लॅस्टिकच्या पाकिटांत बंद. चकाचक. ट्यूबलाइटखाली एकही नीट दिसेना, नुसता उजेड. पुस्तकाची शिवण उसवून त्याने एकेक पान सुटं केलं होतं. मजकुराची पानं टाकून दिली होती. "इंग्रजी होतं सगळं. कोण वाचतोय?" पातळ कागदाचे पडदे? "ते पॅकिंग होतं ना?"

मी सतरावं शोधलं. लाल कोट होता. फेटा होता. उजवा हात तलवारीवर होता. डावा हात मनगटापाशी संपला होता. पुढे प्लॅस्टिकची कड.

"ताहिर," मी म्हटलं, "हात कुठाय?"

"ते काय झालं, मशीन आपलं ए-फोरचं. चित्रं जरा मोठी होती. कडेने फक्त दोन बोटं कापली. मधलं सगळं आलंय."

ह्यापुढे मी काय बोललो ते शेजाऱ्यांना कळू नये म्हणून महमुदाने टीव्ही मोठा केला. लेस्ली तरीही वर आलाच. मी ताहिरची मान धरली होती, असं तो म्हणतो. मला आठवत नाही. मला एवढंच आठवतं की ताहिर रडत होता आणि सारखं म्हणत होता, "इतका महत्त्वाचा कागद, आणि प्लॅस्टिक नको? दुलाभाई, माझ्या बापाचा असता तरी मी हेच केलं असतं!"

लेस्लीने मला गाडीत घालून सलमाबादला नेलं. मशीनखालचा कचरा सकाळीच बाहेरच्या मोठ्या पेटीत गेला होता. मी ऑफिसच्या पँटीत त्या पेटीत उतरलो. चाळीस-पन्नास कामगार चहाचे कप घेऊन बघायला उभे राहिले. एकाने हिंदीत विचारलं, "साब का कार्ड गिरा क्या?" लेस्लीने त्याला सांगितलं, "नहीं रे, साब का दादा गिरा." मला एका घोड्याची शेपटी सापडली. एका निशाणाचा गोंडा सापडला. हात सापडला नाही. रात्रीच इंग्लंडला फॅक्स करायला लेस्लीने ऑफिस उघडून दिलं. दुकानदाराचं उत्तर दोन ओळींचं आलं: दुसरी प्रत त्याने तीस वर्षांत पाहिलेली नाही, आणि ही प्रत मला आवडली असेल अशी आशा आहे.

दुसऱ्या दिवशी मी फाइल छातीशी धरून विमानात बसलो. वाटेत मनाशी ठरवलं की अब्बांना सगळं खरं सांगायचं. मी भिंगातून पाहिलंय, म्हणून शपथेवर सांगायचं. एका डोळ्याने का होईना, चेहरा तर बघतील.

दारात बहीण शरीफुन्निसा उभी होती. अब्बांना तीच सांभाळते. तिने माझी बॅग घेतली आणि कुजबुजली, "अब्बांना आता काय दिसत नाय. फेब्रुवारीपासनं." आखातातल्या माणसाला घरची वाईट बातमी कळवायची नाही, हा आमच्याकडचा कायदा आहे. फोनवर सगळे मजेत असतात. म्हैस व्याली हे कळवतात, माणूस पडला हे कळवत नाहीत. मी ओरडलो तिच्यावर. ती शांतपणे म्हणाली, "तुला सांगून काय झाला असता? तू तितून काय केला असतास?" फेब्रुवारीत मी बाकावर बसलो होतो, पाचातल्या कुठल्यातरी.

अब्बा ओटीवर होते. नवीन टोपी घातलेली. शेजारी खुर्चीवर रावजी. अब्बांना दम निघाला नव्हता, त्यांनीच बोलावून ठेवला होता.

"आयलास? आण. आण हिकडं."

मी ते प्लॅस्टिक त्यांच्या हातात दिलं. दुसरं काय करणार? त्यांनी ते मांडीवर ठेवलं, दोन्ही हातांनी चाचपलं. "आजोबांचा चेहरा कुठं?" मी त्यांचं बोट चेहऱ्यावर ठेवलं. "दाढी?" दाढीवर ठेवलं. "दुभंगलेली हाय?" "हो अब्बा." मग ते म्हणाले, "बोट दाखव."

मी त्यांचं बोट सुभेदारांच्या खांद्यावरून खाली, कोपरावरून, मनगटापर्यंत नेलं. तिथे ते कडेवरून घसरून हवेत गेलं. अब्बा थांबले. परत आणून कड चाचपली.

"हितं संपला," ते म्हणाले. "रावजी, बघ. अर्धाच हाय का नाय?"

रावजी उठून जवळ आला. चित्र त्याने नीट पाहिलं. कापलेलं मनगट पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि अब्बांच्या डोळ्यांकडे. मी मान खाली घातली.

"हाय, सुभेदार," रावजी म्हणाला. "अर्धीच हाय. माझी चूक झाली."

अब्बा इतके हसले की त्यांना ठसका लागला. शरीफुन्निसा पाणी घेऊन धावली. रावजी जाताना पायरीवर माझ्या पाठीवर थाप मारून गेला, म्हाताऱ्याचं मन राखायला हवं अशा अर्थाची. मी त्याच्यामागे अंगणभर गेलो. म्हटलं, रावजी, खरंच होती, मी भिंगातून पाहिली, माझ्या पोरीने पाहिली. "होय रे बाबा, होय," तो म्हणाला, आणि गेला. अब्बा खरं बोलत होते. चाळीस वर्षं खरं बोलत होते. आणि शेवटी ते खरं त्यांना भीक म्हणून मिळालं.

परत ओटीवर आलो तर अब्बा अजून ते प्लॅस्टिक चोळत होते.

"हे काचेगत काय घातलास वर?"

"लॅमिनेशन, अब्बा."

"बरा केलास. कागद टिकत नाय आपल्याकडं. कोनी केला?"

"ताहिरने."

"लय गुनाचा पोरगा," अब्बा म्हणाले. "त्याला माझी दुआ सांग. इसरू नको."

त्या पावसाळ्यात अब्बा गेले. ते मात्र मला फोनवर लगेच कळवलं. ताहिर माझ्याकडे दर शुक्रवारी येतो, चप्पल काढतो, खाली मान घालून बसतो आणि जेवून जातो. दुआ मी त्याला अजून सांगितलेली नाही.